लॉन्ड्रीची गाडी

९ जून

ताई,

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, म्हणून हे पत्र.

बसची नोकरी सोडली. इतकी वर्षं त्या स्टिअरिंगला चिकटून बसलो, आता पुरे. नवीन साहेब आलाय, त्याचं नि माझं पटेना. रोज खटके उडवण्यापेक्षा आपणच उठावं म्हटलं. तू काळजी करशील, ठाऊक आहे. करू नकोस.

दुसरी बातमी अशी की मी गाडी घेतली. चौकातल्या लॉन्ड्रीच्या मागे एक व्हॅन उभी होती. उभी म्हणजे काय, बसलेलीच होती. चारही चाकं हवा जाऊन जमिनीला टेकलेली, बॉनेटवर वेल चढलेला, बाजूचं सरकतं दार गंजून असं घट्ट झालेलं की जणू वेल्डिंग केलंय. लॉन्ड्रीवाल्याचा बाप गेला तेव्हापासून तिला कोणी हात लावला नव्हता. मी विचारलं तर म्हणाला, "खुशाल घेऊन जा. फक्त आतल्या बाळंतिणीचं काय ते तुम्ही बघा." ड्रायव्हरच्या सीटमध्ये मांजरीनं पिल्लं घातली होती. मग काय, पिल्लं चालती होऊन बाईसाहेब मुक्काम हलवेपर्यंत थांबलो आणि मगच एका ओळखीच्या ट्रकवाल्याकडून दोर लावून गाडी घरी ओढून आणली.

तुझी भावजय दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "मला वाटलं, भंगारवाल्याला आपण अंगण भाड्यानं दिलं." त्यानंतर दोन दिवस अबोला.

खालचा पत्रा इतका कुजलाय की मागच्या बाजूला उभं राहिलं की पायाखाली गवत दिसतं. वायरी उंदरांनी खाल्ल्यात. पण इंजिन वाईट नाही. हातानं फिरवून पाहिलं, फिरतं. ज्याचं काळीज शाबूत आहे त्याचं बाकी सगळं दुरुस्त होतं.

तुझा,
छोट्या


२१ जून

छोट्या,

पत्र पोचलं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला 'छोट्या' अशी सही करताना लाज वाटत नसेल, तर मला तरी हाक मारताना का वाटावी?

साहेबाशी पटलं नाही म्हणून तू नोकरी सोडलीस, हे काही माझ्या गळी उतरत नाही. आई गेल्यावर तुला मी वाढवलंय. तू भांडणारा नाहीस. लांबून भांडण दिसलं की गल्ली बदलणारा आहेस. पण सांगायचं नसेल तर मी खोदत बसत नाही. आपण होऊन सांगशील तेव्हा ऐकीन. म्हणजे वाचीन.

माझं बरं चाललंय. दवाखान्याच्या चादरी आणि उशांचे अभ्रे अजून माझ्याच हातून जातात. मशीनचा आवाज आता अजिबात येत नाही, पण सुई बोथट झाली की बोटांना कळतं. बरोबरच्या बायका माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलतात. तोंडाच्या हालचालीवरून मला सगळं कळतं हे मी त्यांना सांगितलेलं नाही. करमणूक होते.

गाडी कशाला घेतलीस ते लिहिलं नाहीस. भाजी विकणार की सामान वाहणार? काही का असेना, मांजर बाळंत झालेल्या सीटवर कोणाला बसवू नकोस. सीटची मापं पाठव. जाड रेक्झिनची कव्हरं शिवून देते. मापं नीट घे, डोळ्यांच्या अंदाजानं नको. तुझा अंदाज मला माहीत आहे.

ताई


३ ऑगस्ट

ताई,

मापं मागच्या कागदावर आहेत, टेपनं घेतलेली. अक्षर वाकडं आलंय कारण उजवा हात भाजलाय. सायलेन्सर गरम होता, तोल गेला आणि हात त्यावर पडला. फोड बसले आता. तुझ्या भावजयीनं मलम लावताना जे काय ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही.

गाडी कशाला ते ऐक. आमच्या वस्तीपर्यंत येणारी बस बंद केली. रिकामी येते म्हणे. त्यामुळे पोरं आता शाळेला हमरस्त्यानं चालत जातात. खाणीच्या पुढच्या वळणावर कडेला पाय ठेवायला जागा नाही आणि खडीचे ट्रक सुसाट येतात. मी त्याच रस्त्यावर बस हाकली आहे. तिथं ट्रकवाल्याला मूल दिसेपर्यंत ते मागे पडलेलं असतं. म्हणून म्हटलं, आपण पोरांना न्यायचं, आणायचं. शाळेच्या मोठ्या बाईंना भेटलो. त्यांनी माझी इतक्या वर्षांची ड्रायव्हरकी पाहिलीय, लगेच हो म्हणाल्या.

काम जोरात आहे. कुजलेला पत्रा कापून नवा बसवला. ब्रेकचे ड्रम इतके जाम होते की हातोडीनं ठोकून सुटले. रेडिएटरला दोन भोकं होती, ती बुजवली. परवा पहिल्यांदा इंजिन सुरू झालं तेव्हा एवढा काळा धूर निघाला की शेजारचा प्लंबर पाण्याची बादली घेऊन धावत आला. रंग पिवळा दिलाय. पण उन्हात बघितलं की खालची जुनी अक्षरं अजून वर येतात. 'कपडे वेळेवर मिळतील.' तुझी भावजय म्हणते, राहू द्या, 'कपडे'च्या जागी 'पोरं' म्हणून वाचतील लोक.

ती बोलते आता. कधी कधी टॉर्च धरायलाही उभी राहते.

छोट्या


२६ सप्टेंबर

ताई,

कव्हरं अगदी मापात बसली. पोरं त्यावरून घसरगुंडी खेळतात. रेक्झिन चांगलं आहे, शिलाई त्याहून चांगली.

गाडी सुरू झाली. सकाळी वस्तीच्या पाण्याच्या टाकीपाशी उभी करतो. हॉर्न वाजवायची गरज पडत नाही, पोरं आधीच रांगेत. प्लंबरच्या दोन मुली आहेत. थोरलीला मागे मळमळतं म्हणून ती माझ्या शेजारी खिडकीला बसते आणि शाळेत पोचेपर्यंत मला सगळ्या वस्तीच्या बातम्या सांगते. कोणाच्या घरी कोण रुसलंय, कोणाचा बाप कोणाला काय म्हणाला. तुझ्यापेक्षा पक्की खबर. परवा मला म्हणाली, "काका, तुम्ही रोज एकच शर्ट का घालता?" मी म्हटलं, "लॉन्ड्रीची गाडी आहे ना, बाकीचे धुवायला दिलेत." खरं मानून बसली.

बसमध्ये मागे माणसं असायची पण ती कोण हे मला कधी कळायचं नाही. इथं सगळ्यांची नावं माहीत आहेत. ताई, मी बरा आहे. खरंच.

एकदा ये आणि गाडी बघून जा. चार दिवस मशीनला सुट्टी दे.

छोट्या


१९ ऑक्टोबर

छोट्या,

काल घरी पोचले. प्रवास ठीक झाला. निघताना तुझ्याशी बोलायचं होतं, पण तू तोंड फिरवून बोलत होतास. मला ऐकू येत नाही हे तुला माहीत आहे. तोंड फिरवलं की मला काहीच कळत नाही, हेही माहीत आहे.

म्हणून लिहिते. रविवारी तू गाडीत सीटचा बोल्ट आवळत होतास. मी दारात उभी होते. मी माणसांच्या तोंडाकडे बघत असते, मला दुसरा उपाय नाही. तू मला काहीतरी सांगत होतास आणि तुझे ओठ मध्येच थांबले. हातातला पाना पडला. डोळे वर गेले. मग तू आडवा पडलास आणि हातपाय झाडू लागलास. मी ओरडले असेन, मला माझा आवाज येत नाही.

तुझी बायको आली ती धावत नाही, चालत आली. तिनं पाना लांब सरकवला, तुला कुशीवर वळवलं, डोक्याखाली टॉवेल ठेवला आणि शेजारी बसून राहिली. दूध उतू जाऊ नये म्हणून बाई चुलीपाशी थांबते, तशी. मला तिच्या हातांकडे बघून कळलं की हे पहिल्यांदा नाही. तुझा हात कसा भाजला तेही तेव्हाच कळलं. तुझी विजार ओली झाली होती, ती तिनं मी तिकडे बघत नसताना बदलली. मी बघत होते.

शुद्धीवर आल्यावर तू विचारलंस, "ताई, चहा घेतलास का?" आपण तिघांनी नुकताच घेतला होता.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू मुलांना घेऊन गेलास. मी खिडकीशी होते, तुझी बायकोही होती. आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही.

फिट येणाऱ्या माणसानं गाडी चालवायची नसते. हे तुला मी सांगायची गरज नाही. मला काय ते खरं लिही.

ताई


२४ ऑक्टोबर

ताई,

दवाखान्याच्या चादरी शिवल्या म्हणून कोणी डॉक्टर होत नाही. तुला एक चक्कर दिसली आणि तू निकाल देऊन मोकळी झालीस.

वरचं वाक्य खोडणार होतो, पण राहू दे. तुला तसंही कळलं असतं.

खरं हवंय ना, मग घे. साहेब चांगला माणूस होता. माझं त्याच्याशी काही वाकडं नव्हतं. रिकामी बस डेपोत आणताना ती दुभाजकावर चढली. मला फक्त चढायच्या आधीचा सिग्नल आठवतो आणि नंतर कोणीतरी तोंडावर पाणी मारलेलं. साहेब म्हणाला, "राजीनामा द्या, मी कागदावर काही लिहीत नाही." म्हणून लायसन राहिलं. डॉक्टरनं गोळ्या दिल्या. त्या घेतल्या की माणसाचं पोतं होतं. दिवसभर झोप, जिभेवर दगड ठेवल्यासारखं बोलणं. पोत्याला गाडी चालवता येत नाही, म्हणून गोळ्या सोडल्या.

पण मला आधी कळतं, ताई. तोंडात नाणं धरल्यासारखी चव येते. तेवढ्यात गाडी कडेला घेता येते. मी हळू चालवतो, मुलांनी चेष्टा करावी इतकी हळू. रविवारी ती चव आली होती का, हे विचारू नकोस. आठवत नाही.

मी तिला शपथ घातलीय, आता तुला घालतो. कोणाला बोलू नकोस. घरी बसलो असतो तर मी भिंतीकडे बघत बसलो असतो. ही गाडी मी मेलेल्यातून उठवली आणि तिनं मला उठवलं. एवढं माझ्याकडून काढून घेऊ नकोस. आणि माझं सोड, त्या पोरांचा विचार कर. मी नाही नेलं तर ती त्या रस्त्यानं चालणार. ते वळण तू पाहिलं नाहीस.

छोट्या


३० ऑक्टोबर

छोट्या,

शाळेच्या मोठ्या बाईंना पत्र लिहिलं आणि आज पेटीत टाकलं. जे पाहिलं तेवढंच लिहिलं, वर काही नाही. तुला शाळेतून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे.

तुला चव कळते. तुझ्या शेजारी बसणाऱ्या त्या मुलीला ती कळत नाही. तिला वाटतं काका गाडी चालवतायत.

तुझी शपथ मी मोडली. माझ्याशी बोलू नकोस असं म्हणालास तर माझं म्हणणं काही नाही. पण गोळ्या घे. पोतं झालास तरी चालेल. मला पोतं चालेल.

ताई


१७ नोव्हेंबर

ताईंना नमस्कार,

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, त्यामुळे चुकलंमाकलं सांभाळून घ्या. लिहायचं यांच्या हातात होतं, पण ते लिहिणार नाहीत. तुमचं शेवटचं पत्र त्यांनी वाचलं. त्यानंतर आलेली दोन पाकिटं टेबलावर आहेत. फोडत नाहीत आणि फेकतही नाहीत.

शाळेच्या बाईंनी लगेच गाडी थांबवली. वस्तीत काय बोललं गेलं ते तुम्हाला कशाला सांगू? काही जण म्हणाले, आमच्या पोरांच्या जिवाशी खेळलात. काही म्हणाले, इतके दिवस काही झालं नाही ना, मग उगाच कशाला बोंब. प्लंबर तेवढा येऊन नुसता बसून गेला.

मी तुमच्यावर रागावले होते. तुम्ही मला एका शब्दानं विचारलं नाहीत. रोज सकाळी गाडी गेली की मी बेकरीत पाव पॅक करायला जायचे आणि दुपारी ती परत येईपर्यंत माझं अर्धं लक्ष रस्त्याकडे. गाडी बंद झाली त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं. यांचं तोंड पाहिलं आणि त्या सुटण्याची लाज वाटली. आता राग कोणावर धरू ते कळत नाही.

एक गोष्ट सांगते, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. शाळेच्या बाई घरी आल्या होत्या. म्हणाल्या, गाडी तेवढी द्या, आम्ही दुसरा ड्रायव्हर बघतो. हे म्हणाले, "गाडी मी उभी केली. किल्ली कोणाला मिळणार नाही." बाई पुन्हा आल्या, तेव्हा हे उठून मागच्या दारानं बाहेर गेले. गाडीवर ताडपत्री टाकलीय. मुलं परत चालत जातात.

गोळ्या मात्र घेतात. मी हातावर ठेवते आणि गिळेपर्यंत उभी राहते. फार झोपतात.

तुमची भावजय


७ जानेवारी

ताई,

प्लंबरची थोरली मुलगी गेली. गेल्या महिन्यात. तुझ्या भावजयीनं कळवायचं नाही असं ठरवलं होतं. मी कळवतो.

सकाळी धुकं होतं. मुलं नेहमीसारखी निघाली. वळणाच्या आधी धाकटीच्या बुटाची नाडी सुटली म्हणून ती खाली बसली. थोरली दोन पावलं पुढे गेली. खडीचा ट्रक होता. ट्रकवाला पळाला नाही. गाडी आडवी तशीच सोडून रस्त्याच्या कडेला डोकं धरून बसून राहिला. कोणी त्याला मारायला गेलं तर तो हातही वर करीना.

एक मुलगा धावत वस्तीत आला. मी बाहेर उन्हाची वाट बघत बसलो होतो. मी गेलो. काय पाहिलं ते लिहीत नाही.

प्लंबर दुसऱ्या गल्लीत एका घरी नळ बसवत होता. त्याला बोलवायला मीच गेलो. मी सांगितलं. तो पाना फिरवत राहिला. पाणी उडत होतं, ते बंद झालं, त्यानं नळ एकदा उघडून, मिटून पाहिला, हात पुसले आणि मग मला म्हणाला, "कुठल्या मुलीचं म्हणालास?"

ताई, मी हे पत्र तुझ्यावर खापर फोडायला लिहायला घेतलं. पंधरा दिवस डोक्यात तयार करत होतो. तू ते पत्र टाकलं नसतंस तर ती माझ्या शेजारी खिडकीला बसलेली असती. तुला लिहून कळवलं होतं की ते वळण तू पाहिलं नाहीस. त्या पत्रापासून आजपर्यंत मला एकही फिट आलेली नाही, हेही लिहायचं होतं. ती गोळ्यांनी आली नाही की आपोआप, कोणाला ठाऊक. मी चालवत राहिलो असतो तर सगळी पोरं आज शाळेत असती, किंवा सगळीच नसती. हे आता कोणीच सांगू शकत नाही.

इथपर्यंत लिहिलं आणि पुढे लिहिता येईना. कारण गाडी अंगणात उभी होती. चालू स्थितीत. टाकीत तेल होतं. शाळेच्या बाई दोनदा दारात आल्या होत्या. आणि ती मुलगी गेली त्या सकाळी किल्ली माझ्या खिशात होती.

प्लंबर मला काही बोलत नाही. त्याला शाळेच्या बाई दोनदा आल्या होत्या हे माहीत आहे. वस्तीत सगळ्यांना माहीत आहे. तो समोरून आला की मान हलवतो, पूर्वीसारखी. मला वाटतं त्यानं एकदा माझी गचांडी धरावी. धरत नाही.

छोट्या


१५ जानेवारी

छोट्या,

पत्र हातात घेऊन मशीनवर बसले होते. बरोबरच्या एकीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा कळलं की सुई कापडाशिवाय चालली होती.

मी तुला खोटं लिहून बरं वाटवू शकत नाही. ते पत्र मी आजही टाकीन. तुला त्या गाडीत पडलेलं मी पाहिलं आहे आणि ते न पाहिल्यासारखं मला करता येत नाही. हे वाचून तुला माझा तिटकारा येईल. येऊ दे.

पण मी एवढंच केलं. गाडी थांबवली आणि आपलं काम झालं असं समजून चादरी शिवत बसले. मुलं उद्या कशी जाणार, हे मी त्या बाईंना विचारलं नाही. तुझ्या बायकोनं लिहिलं की मुलं चालत जातात. ते मी वाचलं, घडी घातली आणि ठेवून दिलं. वळण मी पाहिलं नव्हतं हे खरं. बघायला जाता आलं असतं, हेही खरं.

माझ्या वाट्याचं मी तुला देणार नाही आणि तुझ्या वाट्याचं मला घेता येत नाही. लहानपणी तुझ्या अंगावरचा ताप मला यावा म्हणून मी तुला चिकटून झोपायचे. येत नसे.

प्लंबर तुझी गचांडी धरणार नाही. त्याची वाट बघू नकोस. त्याला दुसरी मुलगी आहे आणि तीही शाळेत जाते. ती आज कशी गेली?

किल्ली दे. कोणालाही दे, पण दे.

ताई


११ एप्रिल

ताई,

उशीर झाला. लिहिण्यासारखं काही होईपर्यंत थांबलो.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ते वाचून टेबलावर ठेवलं. तुझ्या भावजयीनं वाचलं, माझ्यासमोर हात पुढे केला आणि म्हणाली, "द्या." मी म्हटलं, "ड्रायव्हर मिळाला का बाईंना?" म्हणाली, "मला शिकवा."

ताडपत्री काढली तेव्हा बॅटरी बसलेली, एका चाकाखाली पुन्हा गवत. ते सगळं करून दिलं. खाणीच्या मागे मोकळं मैदान आहे, तिथं नेऊ लागलो. तिथवर गाडी ट्रकवाल्याकडून न्यायची, मग ती चालवायची, मी शेजारी. माझ्यासारख्या माणसाला बायकोला गाडी शिकवायची वेळ येऊ नये आणि तिच्यासारख्या बाईला माझ्याकडून शिकायची. पहिला आठवडा क्लचवरून, दुसरा आरशावरून. "आरशात बघ," म्हटलं की ती माझ्याकडे बघायची. एकदा इंजिन बंद पडलं तेव्हा खाली उतरून चालत घरी निघून गेली आणि मी त्या मैदानात गाडीत तसाच बसून राहिलो. मला सुरू करून दहा पावलं आणता आली असती. आणली नाही. ती परत आली, बसली आणि पहिला गियर टाकला.

परीक्षेत एकदा नापास झाली. दुसऱ्यांदा पास. बेकरीत पाळी बदलून घेतली. ते सगळं करून दिलं.

गाडी सोमवारी सुरू झाली. मी मागे बसतो, मुलांमध्ये. दार मी उघडतो, मी लावतो, कोण उतरलं ते बघतो. गोळ्यांनी मला पेंग येते, तर पोरं मला कोपरानं ढोसून जागं ठेवतात. तिच्या शेजारची खिडकीची जागा रिकामी असते. कोणी बसत नाही, कोणाला सांगावं लागलं नाही.

पहिल्या दिवशी प्लंबरची बायको धाकटीला घेऊन टाकीपाशी आली. मुलगी चढेना. तिच्या आईनं तिला समजावलं नाही की ओढलं नाही. ती स्वतः आधी चढली, मागच्या सीटवर बसली आणि शेजारी हात ठेवला. मग मुलगी चढली. बाई शाळेपर्यंत आली, तिला वर्गात सोडलं. परत येताना तुझ्या भावजयीनं तिला विचारलं, घरापर्यंत सोडू का? ती हो म्हणाली. वळणाच्या अलीकडे तिनं गाडी थांबवायला सांगितलं, उतरली आणि कडेनं चालत गेली. आम्ही मागे गाडी उभी करून थांबलो. ट्रक हॉर्न देत ओलांडून जात होते. ती वळणापलीकडे दिसेनाशी झाली तेव्हा आम्ही निघालो.

रोज असंच चाललंय. रोज ती मुलीला घेऊन आमच्या गाडीतून जाते आणि रोज तिथं उतरते. आम्ही थांबतो.

तुला माफ केलं असं मी लिहिणार नाही. तू मागितलीही नाहीस. तू येणार असशील तर मागच्या सीटवर जागा आहे. सकाळची खेप चुकवू नकोस.

छोट्या